मतदान घराजवळ आणा, पण पडदा आणि पोलिंग एजंट सोडून नको

नागपूरच्या मनीषनगरकडच्या एका मोठ्या फ्लॅट स्कीमच्या सचिव ताईंनी विचारलं आहे: आमच्या स्कीममध्येच मतदान केंद्र मिळावं म्हणून अर्ज करावा का? सासरे ८२ वर्षांचे आहेत, त्यांचं मत घरी येऊन घेतील का? मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याला तिथून किंवा मोबाइलवरून मत देता येईल असं ऐकतो, ते खरंच होणार आहे का? आणि या सगळ्या बदलांबद्दल तुमचं स्वतःचं मत काय?

मी महसूल खात्यात होतो. नोकरीतली बरीच वर्षं निवडणूक शाखेत गेली. आधी केंद्राध्यक्ष, मग क्षेत्रीय अधिकारी, शेवटी शेवटी मतदार यादीचं काम.

ताई, आधी माझं मत सांगतो, म्हणजे पुढचं कशाच्या आधारावर बोलतोय ते कळेल. मतदान केंद्राच्या एका खोलीत दोन गोष्टी साधलेल्या असतात. मतदाराने कोणतं बटण दाबलं ते कोणालाही दिसत नाही, आणि बाकीचं सगळं सगळ्यांसमोर घडतं. तुम्ही आत जाता तेव्हा पहिला मतदान अधिकारी तुमचं नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. ते वाचणं बाजूच्या बाकावर बसलेल्या पोलिंग एजंटांसाठी, म्हणजे उमेदवारांच्या माणसांसाठी असतं. त्यांच्यापुढे यादीची प्रत असते. ते तुमच्या नावावर खूण करतात, आणि माणूस तोतया वाटला तर तिथल्या तिथे दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतात. दुसरा अधिकारी शाई लावतो, रजिस्टरवर सही घेतो, चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन मतदान मशीन खुलं करणाऱ्या कंट्रोल युनिटचं बटण दाबतो. मग पुठ्ठ्याच्या पडद्यामागे तुम्ही एकट्या. बटण दाबलं, मत कोणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसली, लांब बीप वाजली. ती बीप पुन्हा सगळ्यांना ऐकू येते. संध्याकाळी किती मतं पडली याचा हिशेब १७ सी फॉर्मवर लिहून त्याची प्रत एजंटांच्या हातात दिली जाते. मतमोजणीला उमेदवारांची माणसं तोच कागद घेऊन जाळीपलीकडे बसतात आणि मशीनवरचा आकडा त्याच्याशी ताडून पाहतात.

म्हणून मतदानाची जागा किंवा रीत बदलण्याचा कुठलाही प्रस्ताव आला की मी दोनच प्रश्न विचारतो. पडद्यामागे मतदार एकटा राहतो का? आणि पडद्याबाहेर जे चाललंय ते हरणाऱ्या उमेदवाराच्या माणसाला पाहता येतं का? ज्या बदलात दोन्ही टिकतं तो जरूर करा, पैसा लागला तरी करा.

आता तुमच्या स्कीमचं. केंद्राची जागा जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात, म्हणजे आपले जिल्हाधिकारी, पण त्याला निवडणूक आयोगाची आधी मंजुरी लागते. मसुदा यादी प्रसिद्ध होते, पक्षांची बैठक होते, हरकती येतात, मग ती पक्की होते. त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. केंद्र तळमजल्यावर हवं. शक्यतो सरकारी किंवा निमसरकारी इमारत हवी. देऊळ, दवाखाना, पोलीस ठाणे चालत नाही आणि २०० मीटरच्या आत कुठल्या पक्षाचं कार्यालय नको. अलीकडे मोठ्या गृहसंकुलांना सवलत मिळू लागली आहे. तिथल्या सभागृहात किंवा तळमजल्यावरच्या सामायिक जागेत केंद्र देता येतं. शिवाय एका केंद्रावर जास्तीत जास्त १,५०० मतदार असत, ती मर्यादा आयोगाने २०२५ मध्ये १,२०० वर आणली. हा बदल मला मनापासून पटतो. हिशेब करून पाहा. सकाळी सात ते संध्याकाळी सहा म्हणजे ६६० मिनिटं. १,२०० पैकी ५५ टक्के आले तरी ६६० माणसं, म्हणजे मिनिटाला एक. नाव शोधणं, ओळखपत्र पाहणं, शाई, सही, बटण, सगळं मिनिटभरात. १,५०० असताना तेच ४८ सेकंदांत उरकावं लागायचं. एखादी आजी पडद्यामागे थोडी रेंगाळली की मागे रांग थांबायची, आणि एप्रिलमधल्या नागपूरच्या उन्हात उभा राहिलेला माणूस घरी निघून जायचा. महापालिकेच्या मतदानात तर चार सदस्यांचा प्रभाग असला की एकाच माणसाला चार वेळा निवड करायची असते. तिथे केंद्रं आणखी लहान हवीत.

पण केंद्र जवळ आलं की मतदान आपोआप वाढेल, हे मी मानत नाही. २०२४ च्या लोकसभेला नागपूर आणि गडचिरोली-चिमूर, दोन्हीकडे १९ एप्रिललाच मतदान झालं. गडचिरोलीत पोलिंग पार्ट्या हेलिकॉप्टरने न्याव्या लागल्या. नक्षलग्रस्त भागात दुपारी तीनलाच मतदान आटोपायचं होतं. बाया-माणसं कुठून कुठून पायी आली. तिथे ७१ टक्क्यांच्या वर मतदान झालं आणि आपलं शहर ५४ टक्क्यांवर थांबलं. अंतर हेच कारण असतं तर हे आकडे उलटे दिसले असते.

शहरातलं खरं दुखणं यादीत आहे. माणूस त्रिमूर्तीनगरात भाड्याने राहत होता, तुमच्याकडे फ्लॅट घेऊन आला, नाव मागेच राहिलं. लेक लग्न होऊन गेली, तिचं नाव माहेरच्या यादीत. आजोबा वारले, नाव तसंच. अशी नावं राहिली की टक्केवारी आहे त्यापेक्षाही खाली दिसते, आणि जिवंत, हौसेने आलेल्या माणसाला मात्र आपलं नाव सापडत नाही. मतदानाच्या दुपारी मदत कक्षावर बसलं की हे दिसतं. नवरा, बायको, तरणा मुलगा, तिघं घामाघूम. "कार्ड आहे न साहेब माझ्याजवळ, हे पाहा." कार्ड खरंच असतं. त्यावर फोटोही तिचाच असतो. पण मत यादीतल्या नावाने देता येतं, कार्डाने नाही, आणि यादीत नवऱ्याचं नाव आहे, बाईचं नाही. त्या वेळी तिच्यासाठी कोणीच काही करू शकत नाही. केंद्राध्यक्ष नाही, जिल्हाधिकारीही नाही. ती बाई पुढच्या निवडणुकीला येईलच असं नाही. मला या कामातलं सगळ्यात जास्त लागलेलं दुःख हेच.

त्यात आपल्याकडे याद्यांचा गुंता वेगळाच. लोकसभा-विधानसभेला एक केंद्र, महापालिकेला दुसरं. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, पण प्रभाग आखले जातात जनगणनेच्या प्रगणक गटांवर. विधानसभेच्या यादीचा एखादा भाग दोन प्रभागांत फाटला की एकाच घरातला मुलगा एका शाळेत आणि आईबाप दुसऱ्या. तुमच्याच बाजूला बेसा-पिपळ्याचे लोक पत्त्यात नागपूर लिहितात, पण विधानसभेला ते कामठीत आणि लोकसभेला रामटेकात मोडतात. नाव शोधतात नागपूरच्या यादीत आणि म्हणतात, आमचं नाव कापलं. हे सुधारायला नवं यंत्र लागत नाही. पत्ता आणि नकाशा एकत्र ठेवून याद्यांच्या सीमा जुळवण्याचं चिकट काम लागतं. ते करणाऱ्या बीएलओ, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणारे कर्मचारी, बहुतेक अंगणवाडी सेविका आणि शिक्षक असतात, आपलं रोजचं काम सांभाळून दारोदार फिरणारे. त्यांच्या तोंडावर दार लावू नका.

फ्लॅट स्कीममधल्या केंद्राची दुसरी एक बाजू आहे, ती फार कोणी बोलत नाही. निकालानंतर केंद्रनिहाय मतं प्रसिद्ध होतात, त्याला फॉर्म २० म्हणतात. एखाद्या केंद्रावर फक्त तुमच्याच स्कीमचे मतदार असले तर एकेका माणसाचं मत गुप्त राहील, पण सगळ्या स्कीमने मिळून काय केलं ते उघड होईल. निकाल लागला की कार्यकर्ते हा फॉर्म घेऊन बसतात आणि केंद्राकेंद्राचा हिशेब करतात. सुशिक्षित स्कीमला त्याचं फारसं काही वाटणार नाही. पण उद्या हाच नियम धरून एखाद्या झोपडपट्टीला किंवा एका समाजाच्या लेआउटला स्वतंत्र केंद्र दिलं, तर नळ, गडरलाइन, रस्ता मागायला गेल्यावर त्यांना त्यांचा आकडा दाखवला जाईल. मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची तरतूद नियमात होती. मशीन आली आणि मिसळणं थांबलं. त्यावर आयोगाने २००८ मध्येच टोटलायझर सुचवला होता: १४ मशीनची बेरीज एकत्र दाखवणारं साधन. विधी आयोगानेही २०१५ च्या २५५ व्या अहवालात ते करा म्हटलं. केंद्र सरकारला ते मान्य झालं नाही. माझ्या मते केंद्रं लहान करण्याचा निर्णय आणि टोटलायझर हे बरोबरच यायला हवे होते. एक आलं, दुसरं राहिलं. केंद्र लहान होत जाईल तसा हा प्रश्न मोठा होत जाणार आहे.

सासऱ्यांचं. घरून मतदानाचं वय आधी ८० होतं, मार्च २०२४ मध्ये नियम बदलून ते ८५ केलं. त्यामुळे ८२ व्या वर्षी नुसत्या वयावर त्यांना ही सोय मिळणार नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर मिळेल. त्यासाठी १२ डी अर्ज भरावा लागतो, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. बीएलओ तो घरी आणून देतात. एकदा यादीत त्यांच्या नावापुढे टपाली मताची खूण पडली की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे लक्षात ठेवा. प्रमाणपत्र नसेल तर आयोगाच्या ॲपवर व्हीलचेअर मागवा, सकाळीच घेऊन जा, ज्येष्ठांना रांगेत थांबवत नाहीत.

घरून मतदान चांगलं आहे, पण ते किती नाजूक आहे ते सांगायला हवं. दोन मतदान अधिकारी, व्हिडिओवाला आणि पोलीस असं पथक येतं. उमेदवारांना आधी कळवलेलं असतं, त्यांचा माणूस सोबत येऊ शकतो. आजी खाटेवर, सगळं घर भोवती. पथक पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतं, मतपत्रिका देतं. आणि सून मायेनेच पुढे सरकते, "माय, तिसऱ्यावर खूण कर, आपलं नेहमीचं." त्या घरात कोणाच्याही मनात पाप नसतं. तरी त्या क्षणी ते मत आजीचं राहत नाही. अधिकाऱ्याला नम्रपणे पण ठामपणे सगळ्यांना ओसरीवर काढावं लागतं. हात थरथरत असेल, दिसत नसेल, तर नियमाने सोबती घेता येतो, त्याला गुप्ततेचं लिहून द्यावं लागतं. जिथे अधिकारी कडक असतो तिथे हे नीट होतं. म्हणून वयाची अट ८० वरून ८५ केली तेव्हा पुष्कळांनी नाराजी दाखवली, मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. जितकी मतं कमी, तितकं प्रत्येक घरी नीट लक्ष देता येतं. जो चालत येऊ शकतो त्याने केंद्रावर यावं. त्याच्यासाठी रॅम्प, सावली, खुर्ची, पाणी द्या.

आता मुलाचं. तो पुण्यात नेहमीसाठी राहत असेल तर कायद्याने त्याचं नाव तिथेच हवं. नमुना ८ भरला की इथलं नाव तिकडे जातं. शिकायला गेलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना घरचा पत्ता की तिथला, अशी निवड आहे. नोकरदाराला तशी मोकळीक नाही. नाव इथेच असेल आणि तो मत द्यायला येणार असेल तर एक गोष्ट त्याला जरूर सांगा: मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी हा त्याचा हक्क आहे, पुण्यात त्या दिवशी मतदान नसलं तरी. २०२४ मध्ये नागपूरचं मतदान १९ एप्रिलला होतं, पुण्याचं १३ मेला. इथल्या कित्येक मुलांना वाटलं की तिथे सुट्टी नाही म्हणजे आपल्यालाही नाही. मात्र सुट्टी न देणाऱ्या मालकाला दंड किती, तर ५०० रुपयांपर्यंत. बदल करायचाच असेल तर हा आकडा आधी बदला.

तिथूनच इथलं मत देण्याची कल्पना जुनी आहे. जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विस्थापित काश्मिरी पंडित खास केंद्रांवर आपल्या खोऱ्यातल्या मतदारसंघाचं मत देत आले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं रिमोट मशीन जाहीर केलं आणि १६ जानेवारी २०२३ ला पक्षांना ते दाखवायला बोलावलं. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि विषय मागे पडला. त्यांचे आक्षेप मला निराधार वाटत नाहीत. पडदा त्यात टिकतो, मुलगा खोलीत एकटाच बटण दाबेल. पण ७२ मतदारसंघांतल्या उमेदवारांचे एजंट एका खोलीत कसे बसणार? मोठा पक्ष पुण्यात माणूस उभा करेल, उत्तर नागपुरातला अपक्ष कुठून आणेल? स्थलांतरित कोणाला म्हणायचं, दुसऱ्या राज्यात आचारसंहिता कोण पाहणार, हेही प्रश्न आहेतच. तरी मी म्हणेन की विषय सोडू नका, लहान करा. २० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्राच्या २८८ जागांसाठी एकाच दिवशी मतदान झालं. आचारसंहिता एक, मुख्य निवडणूक अधिकारी एक. अशा निवडणुकीत पुण्याला फक्त विदर्भाच्या मतदारांसाठी काही केंद्रं उघडून पाहता येतील. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेली पोरं आहेत, त्यांच्यासाठी इथे. आधी नावनोंदणी, यादी सगळ्या उमेदवारांना, एजंट बसवायला पुरेसा वेळ. त्यातून काय चुकतं ते कळेल.

मोबाइलवरून मतदान मला मान्य नाही, आणि यावर मी मवाळ होणार नाही. २८ जून २०२५ ला बिहारच्या नगरपालिका निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाने ॲपवरून मतदान घेतलं. चेहरा ओळखण्याचं तंत्रही लावलं. चेहरा ओळखला म्हणजे मत देणारा कोण ते कळलं. त्याच्या खांद्यामागे कोण उभं होतं ते कसं कळणार? मतदानाच्या आदल्या रात्री वस्त्यांमध्ये काय चालतं ते निवडणुकीचं काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आज पैसे वाटणाऱ्याला पैसे घेणाऱ्याचं मत तपासता येत नाही. पडद्यामागे गेलेली बाई नोट घेऊनही आपल्या मनासारखं बटण दाबू शकते, आणि दाबते. मोबाइल आला की तो समोर बसून दाबून घेईल. पुष्कळ घरांत चांगला फोन एकच असतो, तोही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात. एस्टोनियात २००५ पासून इंटरनेटवर मतदान आहे. तिथे मत पुन्हा देता येतं आणि शेवटचंच धरतात, म्हणजे दबावाखाली दिलेलं मत नंतर बदलता येतं. आपल्याकडे पैसे वाटणारा मतदान संपेपर्यंत फोनच स्वतःच्या खिशात ठेवेल. आणि एजंट? सर्व्हरच्या आत काय चाललंय ते त्याने कुठल्या बाकावर बसून पाहायचं? सीमेवरच्या जवानाला २०१६ पासून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाते, पण परत येताना ती कागदावर, पाकिटात, टपालाने येते. ते तसं ठेवलं आहे ते बरोबरच आहे.

मशीन की मतपत्रिका, या वादात मी फार शिरत नाही. २६ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने मशीनच्या बाजूने निकाल दिला आहे. फक्त महापालिकेच्या मतदानात व्हीव्हीपॅट नसतं, ते असायला हवं. लोकसभेला आपली चिठ्ठी पाहिलेला मतदार नगरसेवक निवडताना ती का पाहू शकत नाही, याचं उत्तर मला कोणाला देता आलेलं नाही. मे २०२५ मध्ये आयोगाने केंद्राबाहेर मोबाइल जमा करून घेण्याची सोय केली, तीही छोटी पण मोठ्या उपयोगाची आहे. एकटी आलेली बाई किंवा कामावरून थेट आलेला माणूस फोन कुठे ठेवायचा म्हणून परत जायचा.

तर तुम्ही करायचं ते असं. स्कीमच्या सभेत आधी यादी वाचा. यादी भागाची प्रत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळते. कोण गेलं, कोण आलं, कोण वारलं ते घराघराने लिहा आणि बीएलओंना घरी बोलावून नाव घालायचा नमुना ६, काढायचा ७, बदलाचा ८ एकदमच भरून द्या. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, या चारही महिन्यांच्या १ तारखेला १८ पूर्ण होणाऱ्या पोरांची नोंद करता येते, तीही घ्या. मग केंद्रासाठीचा अर्ज आपल्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे द्या. सोबत सभेचा ठराव, तळमजल्यावरच्या सभागृहाचं माप, दोन वेगळी दारं, वीज, पाणी, शौचालय, रॅम्प यांचा तपशील जोडा. आणि अर्जात हेही लिहा की बाजूची वस्तीसुद्धा याच केंद्राला जोडावी आणि त्या दिवशी रस्त्याकडचं गेट सगळ्यांसाठी उघडं राहील. शेजारच्या वस्तीतल्या मतदाराला तुमच्या वॉचमनकडे नाव लिहून आत यावं लागणार असेल, तर असं केंद्र मी मंजुरीसाठी पुढे पाठवलं नसतं.